नरसाळ्यातलं विरजण

१

शनिवारी सकाळी अण्णांचा ड्रायव्हर आला नाही, म्हणून संयोगिताला गाडी चालवायला बसावं लागलं.

एरवी ती वडिलांबरोबर कामावर कधी जात नसे. साताऱ्यातल्या एका कॉलेजचं ग्रंथालय ती सांभाळत होती. सुट्टीच्या दिवशी पुस्तक, चहा आणि खिडकी एवढं तिला पुरायचं. अण्णांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आकाराम यादव, सिव्हिल इंजिनिअर, पाणीपुरवठ्यातून निवृत्त होऊन कैक वर्षं झालेली, आणि निवृत्तीनंतर सगळा जीव गटारात. हे वाक्य अण्णांचंच. "लोकांचा जीव देवळात रमतो, माझा गटारात," असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत. शेजारच्या माणसाचा घास हातातच राही आणि संयोगिता पलीकडच्या रांगेत तोंड वळवून बसे.

मलकापुरात गाडी गर्दीत अडकली. अण्णांना तेवढंच हवं होतं.

"आमच्या गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायला लागला, की आजोबा त्यात भेंडीचं चिकट पाणी ओतायचे. सगळी मळी वर यायची. झाऱ्यानं काढली, की खाली सोन्यासारखा रस. मी तिथंच सगळं शिकलो बघ. कॉलेजात फक्त त्याची इंग्रजी नावं सांगितली."

"अण्णा, हे मला पाठ आहे."

"मग फणीचं सांगू?"

"तेही पाठ आहे."

फणीचं म्हणजे असं, की सांडपाण्यात येणारे केस आणि चिंध्या कोणत्याही जाळीत अडकून बसतात. अण्णांनी एके दिवशी आईला वेणी घालताना पाहिलं, तिची फणी मागून घेतली आणि तिच्यासारखी स्वतःच साफ होणारी चाळण केली. त्याचं त्यांना पेटंट मिळालं होतं. दुसरं पेटंट नरसाळ्याचं. तेच बघायला ते आज निघाले होते.

नरसाळं सांगायला सोपं होतं. सिमेंटची भलीमोठी टाकी, वर रुंद, खाली निमुळती. गावाचं सांडपाणी तिच्यात कडेनं तिरकं सोडायचं. पाणी आपोआप गोल फिरू लागतं, जड गाळ भिंतीला घासत टोकाशी उतरतो, आणि निवळ पाणी मधून वर येऊन काठावरून ओसंडतं. त्याला मोटर लागत नाही, वीज लागत नाही. कवठे महांकाळच्या बाजूला हिंगणमाळ नावाच्या गावात असं पहिलं नरसाळं उभं होतं. सोमवारी त्याची चाचणी घ्यायला जिल्ह्याहून समिती येणार होती. ती हो म्हणाली, तर माण आणि जत बाजूच्या गावांतही तशीच नरसाळी बसणार होती. नाही म्हणाली, तर हिंगणमाळचंही पाडून तिथं मोटरवरचं यंत्र येणार होतं.

"खरी गोम तळाशी आहे, संयू," अण्णा म्हणाले. "त्या तळाशी आपण काय करतो—"

"अण्णा, समोर ट्रक आहे. जरा थांबता का?"

अण्णा थांबले. तासगाव येईपर्यंत ते द्राक्षबागांच्या पाट्या वाचत राहिले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, तिनंही विचारलं नाही.

हिंगणमाळला टाकीचा राखणदार केरबा नव्हता. पोराला सैन्यभरतीसाठी कोल्हापूरला घेऊन गेला होता. टाकीपलीकडे मंगलची बेदाण्याची शेड होती. अण्णा पँट दुमडून टाकीवर चढले आणि संयोगिता नाकाला रुमाल लावून शेडमध्ये जाऊन बसली. मंगल द्राक्षांच्या जाळ्या पांढरट द्रावणाच्या पिंपात बुडवत होती. त्याला साबणासारखा, तेलकट वास होता. त्यात बुडवलं की द्राक्षं लवकर सुकतात, हे मंगलनं सांगितलं आणि चहा टाकला.

"परवा लय मोठी मानसं येनार म्हनं," मंगल म्हणाली.

"हो ना," संयोगितानं टाकीकडे बघितलं. आतली भिंत काळी, बुळबुळीत, काठावर सुकलेलं शेवाळ. "आणि हे असं दाखवायचं त्यांना? आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं तर आपण मोरीसुद्धा घासतो, मंगलताई."

"व्हय की," मंगल हसली.

दुपारी अण्णा हात दोनदा साबणानं धुऊन भाकरी खायला बसले. मंगलनं खर्डा वाढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी अजून मागितला. परतीच्या वाटेवर ते गाडीत झोपले, तोंड किंचित उघडं ठेवून. रविवार त्यांनी घरी घालवला. मिक्सर दुरुस्त केला, तो आणखी बिघडवला, आणि संध्याकाळी गच्चीवर बसून उगाचच शिट्टी वाजवली.

सोमवारी दुपारी फोन आला. चाचणी फसली होती. आणि अण्णा छातीत कळ येऊन, मिरजेच्या दवाखान्यात पोचण्याआधीच गेले होते.

२

दिवस-कार्य उरकल्यावर हिंगणमाळची सरपंच रेश्मा साताऱ्याला भेटायला आली. तिशीची, चटपटीत बाई. पण त्या दिवशी पेल्यातलं पाणीही तिला धड पिता येत नव्हतं.

"ताई, साहेबांच्या टाकीतनं नेहमी कसं निवळशंख पाणी पडायचं. त्या दिवशी काठावरनं राखाडी धुकट पाणी येत होतं. लोळच्या लोळ. समितीचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले."

"अण्णा काय म्हणाले?"

"काहीच नाही. वाकून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जरा पाणी पिऊन येतो. शेडकडं गेले. आले, आणि समितीपुढं उभं राहून सांगितलं, टाकी मीच धुतली, चूक माझी. सगळ्यांनी ऐकलं. तसंच लिहून घेतलं त्यांनी."

"टाकी धुतली म्हणून काय बिघडलं?"

रेश्मा तिच्याकडे बघत राहिली. मुलीला हे ठाऊक नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. "ते मला नीटसं कळत नाही. पण आता तो यंत्रं विकणारा धनाजी गावभर सांगतोय, म्हाताऱ्याला स्वतःचं यंत्र कळत नव्हतं. समितीचे मुख्य साहेब पुन्हा येणारेत, शेवटचं काय ते ठरवायला. त्यांचंही म्हणणं तेच. ज्यानं बनवलं त्यानंच बिघडवलं, तर उद्या गावातल्या अडाणी माणसाच्या हातात हे कसं द्यायचं?"

रेश्मा गेल्यावर संयोगिता स्वयंपाकघरात आली. ओट्यावर अजून तो मिक्सर उघडा पडला होता. शनिवारी अण्णा तिच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी टाकीत बोटसुद्धा घातलं नव्हतं. काठावरून बघितलं, एवढंच. रविवारी ते घरी होते. सोमवारी ते पोचले तेव्हा समिती आधीच येऊन बसली होती.

म्हणजे अण्णांनी टाकी धुतलेलीच नव्हती.

सबंध आयुष्यात ज्या माणसाला साधी खोटी पावतीसुद्धा करता आली नाही, तो मरणाच्या दारात, सरकारी माणसांपुढे, स्वतःच्या नावावर खोटं बोलला होता. कुणासाठी?

३

केरबा टाकीच्या कठड्यावर बसून राहिला होता. संयोगिताला बघून उठला आणि डोक्यावरची टोपी हातात घेतली.

"मी असतो तर ह्ये झालं नसतं, ताई. पोरगं भरतीत फेल झालं आन् हिकडं साहेब गेलं. दोनीकडनं गेलो बगा मी."

"केरबा, टाकी धुतली तर काय होतं, ते मला सांग. मला खरंच माहीत नाही."

केरबानं तिला खाली नेलं, टोकाशी, जिथं गाळ काढायचा कॉक होता. रोज थोडाच गाळ काढायचा, सगळा कधी काढायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. जड गाळ आपोआप बसतो. पण पिठासारखा बारीक कण पाण्यात लोंबकळत राहतो. तळाशी जुन्या गाळाचा जाड थर असला, की येणारं पाणी त्याच्यातून गाळून वर जातं आणि बारीक कण त्या थराला चिकटून बसतो.

"साहेब त्याला इरजन म्हनायचं. सगळं काडून घासलं, तर नवं जमायला पंधरवडा जातुया. तंवर टाकी म्हंजे नुसता हौद."

खरी गोम तळाशी आहे, संयू. ट्रक केव्हाच निघून गेला होता.

"तू नव्हतास, तेव्हा इथं कोण येऊ शकत होतं?"

"कुनीबी. वरच्या पान्याची फळी सरकवायची, खालचा कॉक उघडायचा, झाली टाकी रिकामी. म्या रोज करतो ते सगळं गाव बघतंय."

तिनं काठाला धरून टाकीभोवती एक फेरी मारली. पाण्याच्या वरची भिंत शनिवारी काळी होती. आता सिमेंटचा मूळ रंग दिसत होता, कोपऱ्याकोपऱ्यातून घासलेला. मग ती थांबली. पाणी जिथून टाकीत शिरतं त्या पाइपवर, पाऊस-उन्हापासून आडोशाच्या जागी, हळद आणि कुंकवाची बोटं उमटलेली होती. शेजारी वाळून काळा पडलेला झेंडू.

"ही पूजा तू केलीस?"

"न्हाई बा. म्या दसऱ्याला करतो. ह्ये अलीकडलं दिसतंय."

दसरा उलटून महिने झाले होते. ज्यानं अण्णांचं यंत्र बिघडवलं, त्यानं आधी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

४

धनाजी मोटरवरची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस होता. नरसाळं फसलं तर त्याचा फायदा उघड होता, आणि तो ते लपवतही नव्हता. चौकातल्या हॉटेलात त्यानं तिला खुर्ची पुसून दिली.

"ताई, सगळं गाव माझ्याकडं बोट दावतंय. पन मी टाकी धुईन? मी घरची मोटारसायकल धुवत न्हाई, बायकू वरडून वरडून थकली."

शेजारच्या टेबलावरचे हसले. धनाजीही हसला, मग गंभीर झाला.

"आन् मला ठावं असतं व्हय, आत घान ठिवायची असती ते? मला वाटलं असतं, धुतली तर आनकी झ्याक चालंल. मला बिघडवायची असती तर दगूड टाकला असता पाइपात. दुसऱ्याच्या हौदात उतरून घासत बसाया मी काय खुळा हाय?"

त्याचं म्हणणं तिला आवडलं नाही. पण पटलं.

दुसरा माणूस कराडात होता. जयराज अण्णांचा जुना सहकारी. नरसाळ्याचे पहिले आराखडे त्यानं काढले होते, पेटंटवर मात्र एकट्या अण्णांचं नाव लागलं. तेव्हापासून बोलणं बंद. तो अंत्ययात्रेला आला होता आणि लांब, रस्त्यापलीकडे उभा राहिला होता.

"तुम्हाला विरजण माहीत होतं," सगळी हकिगत सांगून झाल्यावर संयोगिता त्याला म्हणाली.

"सरांइतकंच. ती कल्पना कुणाची, यावर तर आमचं भांडण." जयराजनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही मला संशयितांत धरलंय. धरा. पण विचार करा, ताई. मला ते घालवायचं असतं तर मी कॉक उघडून गाळ सोडून दिला असता आणि घरी गेलो असतो. भिंती कशाला घासल्या असत्या? भिंतींचा त्यात काही संबंधच नाही."

तिला त्या घासलेल्या भिंती आठवल्या.

"ज्याला यंत्र कळतं तो भिंती घासणार नाही," जयराज सावकाश म्हणाला. "ज्याला नुकसान करायचंय तो कष्ट घेणार नाही. म्हणजे यंत्र न कळणारा, पण सरांचं भलं व्हावं असं वाटणारा कुणीतरी. आणि सर खोटं बोलले, त्याअर्थी तो कोण ते त्यांना त्या सकाळीच कळलं होतं. माझ्यासाठी ते खोटं बोलले नसते. मला तर त्यांनी जाहीर फाडून खाल्लं असतं." त्याच्या आवाजात त्याला न आवडणारी कसलीशी हळहळ आली. "फार जवळचं माणूस असणार, ताई. नीट आठवा."

परतीच्या वाटेवर तिला आठवलं, ते मात्र माणूस नव्हतं. वास होता. केरबाबरोबर फिरताना, टाकीच्या काठाशी वाकल्यावर सांडपाण्याच्या वासाखालून तिला दुसरा एक वास आला होता. साबणासारखा, तेलकट. आणि पायऱ्यांच्या खोबणीत पांढरं काहीतरी वाळून पापुद्रा धरून बसलं होतं.

चाचणी फसलेली कळताच अण्णा पाणी प्यायला गेले होते. बेदाण्याच्या शेडकडे.

५

शेडमध्ये हंगाम संपत आला होता. मंगल चाळणीवर बेदाणे निवडत होती, काड्या एकीकडे, पिवळे एकीकडे, काळपट एकीकडे. संयोगिता तिच्यासमोर बसली आणि तीही निवडायला लागली. 

"त्या पिंपातल्या पाण्यानं फरशी चांगली निघते का, मंगलताई?"

मंगलचे हात थांबले.

"लय चांगली निगती," ती खाली बघत म्हणाली. "तेलकट, काळं, समदं निगतं."

"टाकीसुद्धा?"

मंगलनं पदर तोंडाला लावला. रडली नाही. नुसती बसून राहिली, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच इतके दिवस थांबली होती.

"आयतवारी शेडवरल्या बायका घिऊन उतरले. केरबा करतो तसा कॉक सोडला. पिंपात उरलेलं पानी हुतं, त्येनं घासली, काथ्यानं. दिवसभर. वर आल्यावर हळदकुकू लावलं, फूल वाहिलं. म्हनलं, साहेबांचं काम फत्ते हू दे." तिनं श्वास घेतला. "आन् सोमवारी साहेब हितं आलं. मला वाटलं आता श्याबासकी देत्यात. त्यांचं त्वांड बघितलं आन् कळलं, कायतरी चुकलंय, ताई."

"रागावले?"

"न्हाई वो. म्हनलं, मंगल, लय चकचकीत केलीस गं. आन् हसलं. तसं हसू म्या कवा बघितलं न्हाई."

संयोगिताला सुटल्यासारखं वाटलं. चोर सापडला होता, आणि तो चोर नव्हताच. अण्णा या बाईसाठी खोटं बोलले. हिला गावात तोंड दाखवता यावं म्हणून. ते अण्णांना शोभणारंच होतं. आता ती समितीला हे सांगू शकत होती. मंगलचं नाव न घेतासुद्धा सांगता आलं असतं.

"तुम्ही घाबरू नका," ती म्हणाली. "मी तुमचं नाव—"

"ताई, साहेबांनी मला शपथ घातलीया."

"कसली शपथ?"

मंगल उठली. तिनं चाळणी उगाचच उचलून दुसरीकडे ठेवली, परत आणली.

"तुमास्नी सांगायचं न्हाई म्हनून."

"मला? मला काय सांगायचं नाही?"

"नगा इचारू, ताई. मेलेल्या मानसाची शपथ हाय."

"मंगलताई. ते गेले. त्यांचं नाव खराब होतंय. काय सांगायचं नाही?"

बाहेर शेडची हिरवी जाळी वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती. मंगल जाळीकडे बघूनच बोलली.

"साहेबांनी इचारलं, ह्ये तुला कुनी सुचवलं? मी म्हनलं, ताईंनी. त्या शनवारी म्हनल्या न्हवं का, पावनं यायचं म्हनलं तर आपुन मोरीबी घासतो. म्हनलं, खरंच की. एवड्या शिकलेल्या ताई, साहेबांची ल्येक, त्यास्नी कळतंय ते आपल्याला कसं सुचलं न्हाई."

संयोगिताच्या मुठीत बेदाणे होते. ते चुरगळले जात होते आणि तिला ते कळत नव्हतं.

"मग साहेब त्या वट्यावर बसलं," मंगल म्हणाली. "पानी मागितलं, पन प्यालं न्हाई. म्हनलं, मंगल, ह्ये संयूला कवाच सांगायचं न्हाई. घे शपथ. म्हनलं, तिनं पहिल्यांदाच माज्या कामात लक्ष घातलंय. ह्ये तिला कळलं, तर पुन्यांदा कवा घालनार न्हाई."

६

मुख्य साहेब आले त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या आणि समोर सतरंजी. अर्धं गाव आलं होतं. धनाजी पहिल्या रांगेत होता. जयराज कराडहून आला होता, का ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो खांबाला टेकून उभा होता. मंगल बायकांच्या घोळक्यात शेवटी.

साहेब टाकी बघून आले होते. चेहरा बरा होता माणसाचा. थकलेला, पण ऐकून घेणारा.

"आज पाणी स्वच्छ पडतंय," ते म्हणाले. "मी स्वतः बघितलं. पण माझी अडचण समजून घ्या. एखादं यंत्र एके दिवशी चालतं आणि एके दिवशी चालत नाही, तर मी त्याला मंजुरी कशी देऊ? आणि कारण म्हणून आमच्याकडे काय आहे? यादव साहेबांनी स्वतः सांगितलं, टाकी मीच धुतली. आता त्यांच्यासारखा अनुभवी माणूस जर अशी चूक करत असेल—"

"तेच म्हनतो मी," धनाजी म्हणाला.

"तू थांब जरा," रेश्मानं त्याला दटावलं.

संयोगिता उठली. रात्रभर तिनं या क्षणाचा हिशेब मांडला होता आणि तो प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन अडत होता. अण्णांचं यंत्र वाचवायचं, तर अण्णांचं शेवटचं बोलणं खोटं ठरवायला हवं होतं. आणि ते खोटं ज्या माणसाला झाकण्यासाठी बोललेलं होतं, ते माणूस उघडं पडल्याशिवाय तसं करता येत नव्हतं.

"साहेब, माझे वडील खोटं बोलले," ती म्हणाली.

साहेबांनी समोरच्या कागदांवरून मान वर केली.

"शनिवारी मी त्यांच्याबरोबर इथं होते. त्यांनी टाकीला हात लावला नाही. रविवारी ते दिवसभर साताऱ्याला घरी होते. टाकी रविवारी धुतली गेली. त्यांना ते सोमवारी, तुमच्यासमोर वाकून बघितल्यावर कळलं. तळाशी जो गाळ राखून ठेवायचा असतो, तो गेला होता, म्हणून पाणी गढूळ आलं. त्यानंतर केरबानं टाकीला कुणाला हात लावू दिला नाही, तो थर पुन्हा जमला, आणि आज पाणी स्वच्छ आहे. यंत्राचा दोष नव्हता. त्यांचाही नव्हता."

साहेबांनी पेन उघडलं. "चूक बाहेरून झाली असेल तर मला फेरचाचणी लिहिता येईल. पण मग कुणी केली ते लागेल. तुमच्या वडिलांचा जबाब नोंदलेला आहे. तो खोडायचा तर त्याच्या जागी दुसरं नाव हवं."

सगळ्यांच्या माना धनाजीकडे वळल्या, मग जयराजकडे. शेवटच्या रांगेत मंगल गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. संयोगितानं तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, नाही. मंगल अर्धवट उठलेली तशीच राहिली.

"लिहा," संयोगिता म्हणाली. "संयोगिता आकाराम यादव."

पेन थांबलं.

"तुम्ही धुतली?"

"धुवायला मी सांगितलं. ज्यांनी धुतली त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. अण्णांना ते कळलं, म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

"तुम्ही त्यांची मुलगी. तळाच्या गाळाचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. ते सांगत होते. मी ऐकलं नाही."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. मग सहज, कागदावरची रिकामी ओळ भरून काढायची म्हणून विचारल्यासारखं विचारलं, "मग धुवायला सांगण्यामागं कारण काय होतं?"

उत्तर तयार होतं. अण्णांनीच ते तयार करून ठेवलं होतं, शेडच्या त्या ओट्यावर बसून, पाणी न पिता. वडिलांच्या कामात लक्ष घातलं, हौसेनं चूक झाली. ते उत्तर साऱ्या गावाला पटलं असतं. बायकांनी डोळ्याला पदर लावला असता. अण्णा तेच धरून गेले होते.

खांबाशी उभा असलेला जयराज तिच्याकडे बघत होता. रेश्माही. मंगल अजून तशीच, अर्धी उठलेली.

"लक्ष घातलं नव्हतं मी," संयोगिता म्हणाली. शब्द तिच्या तोंडातून इतके हळू आले, की पुढच्या रांगेलाही ते कळले नसावेत. "मला लाज वाटायची. त्यांच्या कामाची."

"आवं ताई," मागून कुणीतरी म्हातारा ओरडला, "जरा मोठ्यानं बोला की. हिकडं काय ऐकू येत न्हाई."

काहीजण हसले.

संयोगितानं मान वर केली.

"मला अण्णांची लाज वाटायची," ती मोठ्यानं म्हणाली.